पेशीतली अचूकता किती ऊर्जेला पडते?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ज्यांची डाळिंबाची बाग आहे, त्यांना स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी नवी नाही. तेल्या हा जिवाणूजन्य रोग दिसला की हीच पावडर फवारायची, असं वर्षानुवर्षं चालत आलं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या या पावडरीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन असतं. ते जिवाणूच्या पेशीत शिरून चुका पकडणारी यंत्रणाच बिघडवतं. ही यंत्रणा कशी चालते आणि तिला ऊर्जा का लागते, ते आपण पायरीपायरीनं पाहू.

पहिली पायरी, निरोप. पेशीतली बहुतेक कामं प्रथिनं करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. कोणत्या कडीमागे कोणती कडी जोडायची, हे एम-आरएनए या निरोपाच्या पट्टीवर तीन-तीन अक्षरांत लिहिलेलं असतं.

दुसरी पायरी, माल चढवणं. प्रत्येक अमिनो आम्ल टी-आरएनए या वाहक रेणूवर चढवावं लागतं. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या दोन आम्लांत फरक फक्त एक कार्बन आणि दोन हायड्रोजनचा. नुसत्या आकारावरून निवड केली तर साधारण २० त एक चूक होईल, असा अंदाज लायनस पॉलिंग यांनी १९५७ मध्ये मांडला. प्रत्यक्षात मोजलेली चूक निघाली ३,००० त एकीच्या आसपास. कारण माल चढवणारं विकर दुसऱ्यांदा तपासतं आणि चुकीचं व्हॅलिन काढून टाकतं. ते चढवण्यासाठी खर्ची पडलेला एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारा रेणू, वाया जातो.

तिसरी पायरी, पहिली तपासणी. भरलेला वाहक रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात येतो. सोबत जीटीपी हा एटीपीसारखाच रेणू असतो. अक्षरं जुळली तर वाहक टिकतो, नाही जुळली तर बहुधा सुटून जातो. पण जवळपास जुळणारेही काही टिकून राहतात.

चौथी पायरी, जीटीपी मोडतो. हे तिकीट फाडण्यासारखं आहे: आत आलेला माणूस परत फिरला तरी पैसे परत मिळत नाहीत. आता तीच जुळणी पुन्हा तपासली जाते. समजा, प्रत्येक तपासणीतून १०० त एक चुकीचा वाहक निसटतो. मग दोन्हींतून निसटणारा १०,००० त एकच.

बऱ्याच जणांचा घोटाळा इथेच होतो. ही ऊर्जा अक्षरं वाचायला लागत नाही, उलटी वाट बंद करायला लागते. ती खर्च झाली नाही तर चुकीचा वाहक पहिली तपासणी टाळून मागच्या दारानं थेट दुसरीपाशी येईल आणि दोन तपासण्यांचा उपयोग एकीइतकाच राहील. हे जॉन हॉपफिल्ड यांनी १९७४ मध्ये आणि जाक निनियो यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं.

पाचवी पायरी, जोडणी. कडी जोडून पट्टी पुढे सरकते, त्यात आणखी एक जीटीपी जातो. एकूण हिशोब असा, की एका कडीमागे किमान चार उच्च-ऊर्जा बंध खर्च होतात: माल चढवताना एटीपीचे दोन आणि पुढे दोन जीटीपींचा एकेक. ३०० कड्यांच्या प्रथिनाला हा आकडा १,२०० च्या घरात जातो. वाटेत परत पाठवलेल्या वाहकांचा खर्च वेगळाच.

स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमच्या लहान भागाला चिकटतं. मग चुकीची जुळणीही बरोबर वाटू लागते आणि प्रथिनांत भलत्याच कड्या बसतात.

मग तपासणी आणखी कडक का नसावी? याचं उत्तर याच औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंकडून मिळालं. त्यांच्यापैकी काहींच्या रायबोसोममधलं एस-१२ नावाचं प्रथिन बदललेलं असतं. त्यांच्या चुका कमी होतात, पण ते योग्य वाहकांनाही परत पाठवतात. दर वेळी एक जीटीपी फुकट जातो, काम रेंगाळतं आणि वाढ मंदावते.

म्हणून पेशी परवडेल तिथेच थांबते. प्रथिनांत हजार ते दहा हजार कड्यांमागे एखादी चूक तिला चालते, कारण बिघडलेलं प्रथिन मोडून दुसरं बनवता येतं. डीएनएची नक्कल मात्र पुढच्या पिढीला जाते. तिथे पेशी एकामागून एक तपासण्या लावते आणि चूक अब्ज अक्षरांत एखादीवर आणून ठेवते.