तोंडाचे दुखणे आणि मनाची उदासी

एखादी बाई मिस्सेला येईनाशी झाली, किंवा आली तरी तोंडावर पदर धरून मागच्या बाकावर बसू लागली, की आपण म्हणतो, 'वय झाले, मन उडाले.' तिच्या तोंडात काय चालले आहे हे मात्र कोणी पाहत नाही.

आमच्या खानापूर भागातील एक बाई चर्चच्या गायनमंडळात पुढे असे. समोरचे दोन दात पडले, बाकीचे हलू लागले, हिरड्यांतून पू येऊ लागला. आधी गाणे सुटले, मग लग्नकार्याला जाणे. भाकरी चावेना म्हणून ती पेजेवर राहिली, तीही मागच्या दारी एकटी बसून; तोंडाला घाण येते हे तिला ठाऊक होते. रात्री ठणक्याने झोप नसे. वर्षभरात अंग वाळले आणि 'आता देवाने उचलावे' असे ती बोलू लागली. वय अवघे ५२!

दात आणि मन यांचा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. ठणका झोप नेतो, न चावणारे तोंड अन्न नेते, आणि लाज माणसांतून उठवते. एवढे झाल्यावर मन खचले तर नवल काय? उलट, मन खचलेला माणूस दात घासत नाही, गोड चहावर दिवस काढतो, मिश्री वाढवतो. उदासीनतेवरील काही गोळ्यांनी तोंडही कोरडे पडते. लाळ ही दातांची राखणदार. ती आटली की कीड लवकर लागते. म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगावे, पाण्याचे घोट घेत राहावे, गोड गोळ्या चघळू नयेत.

मिश्रीने दात घट्ट होतात हा समज आमच्या बायकांत फार. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सोडताना पहिले काही आठवडे चिडचिड व उदासी वाटते, पण ती ओसरते.

या बाईंना दवाखान्यात नेताना घरात मोठा वाद झाला, कारण 'वरची दाढ काढली की नजर जाते' ही भीती. हे खरे नाही. दंतवैद्याने आधी रक्तातील साखर तपासली, कारण मधुमेह व हिरड्यांचा रोग एकमेकांना वाढवतात. वाचणारे दात साफ करून ठेवले, बाकीचे टप्प्याटप्प्याने काढले, आणि जखमा भरल्यावर कवळी बसवली. कवळीने सुरुवातीला शब्द अडखळतात, लाळ सुटते. टोचत असेल तर दंतवैद्याकडून घासून घ्यावी. कित्येक कवळ्या त्या पहिल्या महिन्यातच फडताळात जातात! रात्री ती काढून, ब्रशने धुऊन पाण्यात ठेवावी.

ठणका गेला, झोप आली, भाकरी सुरू झाली. तरी पूर्वीची उभारी पुरती आली नाही, आणि मनाच्या डॉक्टरांचे औषधही काही महिने घ्यावे लागले. कवळी बसली म्हणजे उदासीनता गेलीच असे कोणी समजू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप व भूक गेली असेल, तर मनाचीही तपासणी करावी. आणि मरणाची भाषा निघाली तर ती बोलण्याची पद्धत म्हणून सोडू नका. त्या माणसाला एकटे ठेवू नका, फवारणीचे औषध त्याच दिवशी घरातून हलवा. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो; मराठीत व कन्नडमध्ये बोलता येते, पैसे लागत नाहीत.

खर्चाच्या भीतीने थांबू नये. दंतमहाविद्यालयाच्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर आपल्या गुरुजनांच्या देखरेखीखाली काम करतात व दर कमी असतो. मात्र फेऱ्या जास्त होतात, तेव्हा लावणी-सुगीचे दिवस टाळून जावे. चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हृदयाची झडप बदललेली असेल, तर दात काढण्याआधीच सांगा.