विमा दाव्यांतून मोजलेले मृत्यू

कोविडकाळात दगावलेल्या भारतीय आरोग्य कर्मचाऱ्यांची मोजणी सुरुवातीपासून विम्याच्या कागदांवर अवलंबून राहिली. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राकडे अशी माहिती नाही, असे उत्तर सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत मिळाले. हाती होते ते ५० लाखांच्या सरकारी विमा योजनेतले आकडे: १५५ मृत्यू, त्यांत ६४ डॉक्टर. लगोलग इंडियन मेडिकल असोसिएशनने ३८२ डॉक्टरांची यादी जाहीर केली. दुसऱ्या लाटेत, जून २०२१ अखेर, तिने आणखी ७९८ मोजले.

ही तफावत नुसत्या बेरजेची नव्हती. नवी मुंबईत महापालिकेने मार्च २०२० अखेर एका खासगी डॉक्टरला दवाखाना उघडा ठेवण्याची नोटीस बजावली. डॉक्टर रुग्ण तपासत राहिले आणि जूनमध्ये कोविडने गेले. पत्नीने विम्याचा दावा केला, तर त्यांची सेवा सरकारने अधिग्रहित केलीच नव्हती, असे उत्तर आले. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. कारवाईची धमकी देऊन कामाला लावलेला माणूस मेल्यावर परका ठरवणे हा उघड अन्याय होता. अशा डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहितच होत्या, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२५ रोजी स्पष्ट केले. प्रत्येक दावा मात्र पुराव्यावरच ठरायचा आहे. साडेपाच वर्षांनी त्यासाठीची कागदपत्रे घरच्यांनी कुठून आणायची?

डॉक्टरांसाठी निदान संघटना तरी होती. तीही ॲलोपॅथीवाल्यांची; बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर तिच्या कक्षेबाहेर. कंत्राटी सफाई कामगार, वॉर्डबॉय, आया आणि रुग्णवाहिका चालक यांच्यामागे तेवढा आवाजही नव्हता. फेब्रुवारी २०२१ च्या सरकारी उत्तरात १०७ परिचारिका व ४४ आशा सेविका दिसतात, त्यांच्याखालची उतरंड दिसत नाही.

विश्लेषणाची गत याहून वाईट. ऑगस्ट २०२० मध्ये संघटनेच्या यादीतील १९६ पैकी १७० डॉक्टर पन्नाशीपुढचे होते आणि सुमारे ४० टक्के जनरल प्रॅक्टिशनर. म्हणजे धोका अतिदक्षता विभागापुरता नव्हता. तो गल्लीतल्या दवाखान्यातही होता, जिथे पीपीई किट पोहोचवणे कुणाचीच जबाबदारी नव्हती. पण त्या वयाचे, त्या कामातले एकूण किती, हे कळल्याशिवाय नोकरीचा धोका आणि वयाचा धोका वेगळे काढता येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेलाही मे २०२१ पर्यंत देशांकडून अधिकृतपणे ६,६४३ मृत्यूच कळले. तिचा अंदाज मात्र ८० हजार ते १ लाख ८० हजारांचा होता. तो सर्वसाधारण लोकसंख्येतल्या मृत्युदरावर बेतलेला असल्याने संहाराचा आवाका त्यातून कळतो, पण कामाच्या जागेने कुणाचा किती बळी घेतला, हे कळत नाही.