बियाण्यांतील जीव

शेतकऱ्याच्या घरीं जिवंत वस्तु किती आहेत, असा प्रश्न कोणीं केला तर घरधनी प्रथम माणसें मोजील, मग बैल, गाई, वासरें, शेळ्या व कोंबड्या मोजील, आणि फार तर दारांतल्या तुळशीपाशीं येऊन थांबेल. माळ्यावर कणगींत भरून ठेवलेलें बियाणें या मोजणींत कोणी धरीत नाहीं. बियाणें हा माल आहे, नांगराच्या फाळाप्रमाणें किंवा मिठाच्या गोणीप्रमाणें तो ठेवला तेथें पडून राहतो, अशीच आपली समजूत असते. या समजुतीची किंमत मृगांत द्यावी लागते. पेरणी वेळेवर झालेली असते, पाऊसहि बरा झालेला असतो, आणि तरीहि शेतांत ओळींमागून ओळी रिकाम्या राहतात. दोष पावसाला, जमिनीला किंवा बीं विकणाऱ्याला दिला जातो. तो कित्येकदां योग्यहि असतो; परंतु पुष्कळ वेळां खरी गोष्ट अशी असते कीं, बीं पेरण्यापूर्वींच मेलेलें होतें, आणि तें आपल्याच घरांत मेलें. तेव्हां जिवंत कशास म्हणावें, ही चौकशी केवळ पंडितांची नव्हे.

वाढणें ही जिवंतपणाची खूण असें आपण सहज म्हणतों. परंतु काकवी ठेवून दिली तर तिच्यांत साखरेचे खडे धरतात व ते दिवसेंदिवस मोठे होतात. मिठागरांत मिठाचा कणहि तसाच वाढतो. अग्नीची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. तो सरपण खातो, प्राणवायु घेतो, राख टाकतो, आणि एका ठिणगीच्या योगानें शेजारच्या गंजींत आपल्यासारखाच दुसरा अग्नि उत्पन्न करतो. उलटपक्षीं खेचराला बहुधा प्रजा होत नाहीं, म्हणून त्यास कोणी निर्जीव म्हणत नाहीं. एकाच खुणेवर भरंवसा ठेवून हा निवाडा होत नाहीं. साखरेचा खडा वाढतो तो बाहेरून थरावर थर चढून. वासरूं वाढतें तें गवताचें मांस करून. अग्नि सरपण जाळतो, पण त्या सरपणापासून स्वतःचें अंग घडवीत नाहीं, मोडलेलें अंग सांधीत नाहीं, आणि पूर्वजांकडून आलेला कसलाहि आराखडा पुढच्या ज्वाळेच्या हवालीं करीत नाहीं. सजीवाचें शरीर पेशींचें बनलेलें असतें, आणि या सर्व गोष्टी त्या पेशींत एकसमयावच्छेदें चालूं असतात.

सजीवांच्या देहांतील द्रव्येंच मुळीं निराळीं असतात व तीं एखाद्या गूढ जीवशक्तीवांचून बनत नाहींत, असें युरोपांतील विद्वान एके काळीं मानीत. १८२८ सालीं फ्रीड्रिख व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें मूत्रांत सांपडणारा युरिया, कोणत्याहि प्राण्याचें साहाय्य न घेतां, आपल्या प्रयोगशाळेंत तयार करून दाखविला. त्या एका गोष्टीनें तें मत एकदम नाहींसें झालें नाहीं, पण त्याला मोठा धक्का बसला. आज आपण गोणींनीं जो युरिया विकत घेतों तो हाच. सजीव व निर्जीव यांतील भेद द्रव्यांत शोधण्यापेक्षां त्या द्रव्यांची जी अखंड देवघेव चालते तींत शोधावा, हें यावरून कळून आलें.

आतां कणगींतल्या बियाण्याकडे वळूं. कोरडें बीं वाढत नाहीं, हलत नाहीं. तरी तें श्वास घेत असतें. हा श्वास इतका मंद असतो कीं तो डोळ्यांस किंवा हातास कळत नाहीं. परंतु मळणीच्या वेळीं पावसाची सर येऊन रास भिजली असतां दुसऱ्या दिवशीं तींत कोपरापर्यंत हात घालून पाहावा. हातास चांगलीच ऊब लागते. ओल मिळतांच दाण्यांचा श्वास वाढतो, त्यांबरोबर बुरशीचाहि वाढतो, आणि श्वासांत साठ्याचें अन्न जळून उष्णता, पाण्याची वाफ व कर्बाम्ल वायु, म्हणजे ज्यास आपण हल्लीं कार्बन डायऑक्साइड म्हणतों तो, बाहेर पडतो. त्या वाफेनें ओल आणखी वाढते. याप्रमाणें रास स्वतःच्याच श्वासानें नासते.

पेवाच्या बाबतींत हीच गोष्ट प्राणावर बेतते. बंद पेवांतील धान्य, त्यावरील कीड व बुरशी हीं सर्व मिळून आंतील प्राणवायु खाऊन टाकतात व कर्बाम्ल वायु सोडतात. हा वायु हवेच्या सुमारें दीडपट जड असल्यामुळें तोंड उघडलें तरी लवकर बाहेर निघत नाहीं. तळाशीं बसून राहतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. आंत उतरलेला मनुष्य घेरी येऊन पडतो, त्यास काढावयास दुसरा धांवतो व तोहि पडतो; एकाच पेवांत बापलेक गेल्याच्या गोष्टी पेवांच्या मुलुखांत ऐकूं येतात त्यांचें कारण हें. पेवांत दिवा सोडून पाहण्याची जुनी चाल चांगली आहे, कारण ज्वाळेस व मनुष्यास एकच वायु लागतो. दिवा विझला तर कोणीहि उतरूं नये. मात्र दिवा जळत राहिला एवढ्यावरून आंतील हवा निर्धोक आहे असें समजूं नये. कर्बाम्ल वायूचें प्रमाण मनुष्यास घातक झालें तरी ज्योत कांहीं वेळ तग धरूं शकते. तोंड पुष्कळ वेळ उघडें टाकून, पंख्यानें हवा खेळवूनच, कमरेस दोर बांधलेला मनुष्य उतरवावा व दोर वर दोघांनीं धरावा. कोणी आंत पडला तर त्यामागें उडी न घालतां दोरानें ओढावें व हवा सोडावी. जुन्या विहिरी व गोबर-गॅसचे खड्डे यांसहि हेंच लागू आहे.

सांगलीकडे हळदीचीं पेवें प्रसिद्ध आहेत. ती हळद शिजवून वाळविलेली, अर्थात् मेलेली असते. लागवडीचें बेणें मात्र कोणीहि शिजवीत नाहीं. सजीव निर्जीवाचा भेद शेतकऱ्यास अशा रीतीनें ठाऊक असतो. फक्त धान्याच्या बियाण्यापाशीं तो विसरला जातो.

बियाण्याचें आयुष्य ओल व ऊब यांवर अवलंबून आहे. हॅरिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाचा ठोकताळा असा कीं, बियाण्यांतील ओल एक टक्क्यानें कमी केली कीं त्याचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, आणि साठवणीची ऊब पांच-सहा अंश सेंटिग्रेडनें उतरली कीं पुन्हां तेवढेंच वाढतें. हा नियम सरसकट सर्वत्र लावतां येत नाहीं, पण साध्या धान्यास व कडधान्यास तो चांगला लागतो. इस्राएलांत मृत समुद्राजवळ मसादा नांवाचा प्राचीन डोंगरी किल्ला आहे. तेथील उत्खननांत सांपडलेलें खजुराचें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीचें बीं २००५ सालीं लावलें असतां तें उगवलें व त्याचें झाड झालें. त्या कोरड्या प्रदेशांत त्याचा श्वास जवळजवळ थांबला होता, पण सुटला नव्हता. याच्या उलट आंब्याची कोय. ती सुकली कीं मेली. फणसाची आठळी व जांभळाची बीं यांचीहि तीच कथा. म्हणून कोयी फळ खाल्ल्यावर लवकरच लावाव्या, पुढील सालासाठीं कणगींत घालूं नयेत.

सोयाबीन या दोहोंच्या मध्यें कोठें तरी येतें, आणि आपल्याकडे सर्वांत अधिक तक्रार त्याचीच असते. त्याची साल पातळ आहे व अंकुर अगदीं सालीखालीं असतो. पोतें गाडीवरून आपटलें, मळणीयंत्र जोरानें फिरविलें, किंवा थप्पी उंच लावली, कीं वरून दाणा धड दिसतो व आंतला जीव जातो. ओल बारा टक्क्यांवर राहिली तर उन्हाळ्यांत उरलेलें काम होतें. सरकारी नियमाप्रमाणें सोयाबीनच्या बियाण्याची उगवण निदान ७० टक्के असावी लागते. गव्हास ८५ टक्के लागते. या दोन आंकड्यांतील अंतरच पुरेसें बोलकें आहे. घरचें बियाणें असो कीं विकतचें, पेरणीपूर्वीं दाणे न निवडतां शंभर मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे, गोणपाट वाळूं देऊं नये, आणि आठवड्याच्या आंत धड कोंब किती आले तें मोजावें. साठ आले तर त्या मानानें बीं वाढवावें. चाळीसहि आले नाहींत तर तें बीं पेरूंच नये.

प्रयोगशाळेंत याहून त्वरित परीक्षा होते. १९४० नंतरच्या पहिल्या वर्षांत जर्मनींत लाकोन यानें टेट्राझोलियम नांवाच्या क्षाराची रीत बसविली. भिजविलेलें बीं त्या द्रावणांत ठेवलें कीं जिवंत भाग तांबडा होतो व मेलेला पांढराच राहतो. हा रंग उत्पन्न होतो तो श्वसनाच्या क्रियेमुळें. म्हणजे येथेंहि शोध श्वासाचाच घेतात.

श्वास वनस्पतीसहि आहे व प्राण्यासहि आहे, तर मग दोहोंत भेद कोणता ? प्राणी चालतो, वनस्पति चालत नाहीं, हें उत्तर अपुरें आहे. समुद्रांतील प्रवाळ झाडासारखें एके जागीं चिकटून असतें, तरी तो प्राणी आहे. आणि लाजाळू शिवतांच पानें मिटते, तरी ती वनस्पतीच. भेद आहे तो पोटापाण्याचा.

ब्रसेल्सचा व्हान हेल्माँट (मृत्यु १६४४) यानें एका मोठ्या कुंडींत भट्टींत वाळविलेली २०० पौंड माती घातली व तींत ५ पौंडांचें वाळुंजाच्या जातीचें रोप लावलें. पांच वर्षें केवळ पाणी घातल्यावर झाड १६९ पौंड व सुमारें ३ औंस भरलें. माती पुन्हां वाळवून तोलली तों ती सुमारें २ औंसच कमी भरली. झाड माती खाऊन वाढतें ही समजूत अशी एका तराजूनें उडाली. त्यानें अनुमान केलें कीं सारें लांकूड पाण्याचेंच झालें. येथें मौज अशी कीं, कोळसा जळतांना व मद्य आंबतांना जो वायु निघतो त्याकडे पहिल्यानें नीट लक्ष देणारा व 'गॅस' हा शब्द प्रचारांत आणणारा हाच गृहस्थ. तो वायु म्हणजे आपल्या पेवांतला कर्बाम्ल वायु, आणि झाडाचें लांकूड बहुतांशीं त्याच वायूपासून होतें, हें मात्र त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. तें कळावयास शंभराहून अधिक वर्षें जावीं लागलीं. १७७९ सालीं इंगेनहाउझ यानें दाखविलें कीं, उजेडांत व हिरव्या भागांतच हें कार्य होतें. हेल्माँटच्या हिशेबांतले दोन औंसहि फुकट जाणारे नव्हते. त्यांत तोलाची चूक थोडीफार असेल, पण स्फुरद, पालाश, चुना इत्यादि जीं खनिजें झाड खरोखरच मातींतून घेतें त्यांचें प्रमाण असेंच अल्प असतें, आणि त्या अल्पासाठींच आपला खताचा सारा खटाटोप.

वनस्पति उजेडांत हवा व पाणी यांपासून आपलें अन्न आपणच बनविते. प्राण्यास तें आयतें लागतें. परंतु अन्न बनविणारी ती हिरवी पानें. मुळें अंधारांत असतात, तीं पानांकडून आलेलें अन्न खातात व मातींतील पोकळींतला प्राणवायु घेतात. वाफसा म्हणजे तरी काय ? मातींत पाणी व हवा दोन्ही असण्याची वेळ. शेतांत पाणी तुंबलें कीं तूर व कापूस पिवळे पडतात, तें तहानेनें नव्हे, मुळांचा श्वास कोंडल्यामुळें. भाताच्या अंगांत मात्र हवेच्या पोकळ नळ्या असतात, म्हणून तें चिखलांत सुखानें उभें राहतें.

वनस्पतींच्या कुळांतहि चोर निपजतात. लसूणघासावरील अमरवेल व तंबाखूच्या मुळांवरील बंबाखू यांनीं अन्न करणें बहुतेक सोडलेंच आहे. जोंधळ्यांतला टारफुला हिरवा दिसतो खरा, पण मुळांखालून धन्याचें पाणी व अन्न ओढतो. त्याचें बीं धुळीसारखें बारीक असून दहा वर्षांहून अधिक काळ मातींत जिवंत राहूं शकतें, आणि योग्य पिकाच्या मुळाचा पाझर लागल्याशिवाय तें सहसा उगवत नाहीं. असा पाझर १९६६ सालीं शोधून काढला तो कापसाच्या मुळांतून. कापसावर टारफुल्याचें पोट भरत नाहीं. तेव्हां कापसाच्या शेतांत उगवलेला टारफुला उपाशीं मरतो. ज्या रानांत टारफुला माजला आहे तेथें जोंधळ्यामागें जोंधळा न घेतां मध्यें कापूस घ्यावा, असें सांगतात तें यामुळें. एका वर्षांत निकाल लागेल अशी अपेक्षा मात्र ठेवूं नये. आणि फुलावर येण्यापूर्वीं उपटणें चुकत नाहीं.

काणी व तांबेरा उत्पन्न करणाऱ्या बुरशींस पूर्वीं वनस्पतींत गणीत. १९६९ सालीं व्हिटेकर यानें सजीवांचीं पांच राज्यें मांडून बुरशींस स्वतंत्र स्थान दिलें. त्या अन्न बनवीत नाहींत, आणि त्यांच्या पेशींच्या भिंतींत सामान्यतः जें द्रव्य असतें तेंच टोळाच्या कवचांत असतें.

शेवटीं उरला विषाणु, आणि येथें निवाडा अडतो. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या रोगाचें विष वेंडेल स्टॅन्ली यानें १९३५ सालीं स्फटिकरूपानें वेगळें केलें. मिठासारखें तें बाटलींत भरून ठेवतां येतें. तेथें तें खात नाहीं, श्वास घेत नाहीं, वाढत नाहीं. पानास चोळलें कीं मात्र पेशींकडून आपल्यासारखींच असंख्य रूपें करवून घेतें. त्यास सजीव म्हणावें कीं निर्जीव, यावर विद्वानांचें आजहि एकमत नाहीं. भेंडीवरील केवडा असल्याच विषाणूचा. पानांच्या शिरा एकदां पिवळ्या पडल्या कीं कोणतेंहि औषध शिंपडून तें झाड बरें होत नाहीं. तें उपटून टाकावें, रोग वाहून नेणाऱ्या पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा, आणि पुढील हंगामास दम धरणाऱ्या जातीचें बीं आणावें, तेंहि गोणपाटांत तपासून.