वैजयंतीमाला : मद्रासचा पडदा, तंजावरचं घराणं

वैजयंतीमालाचं नाव काढलं की मराठी रसिकाला आधी 'नागिन'मधली बीन ऐकू येते, मग 'मधुमती'चे डोंगर आठवतात, मग 'संगम'. तंजावर कुणालाच आठवत नाही. खरं तर तिच्या कारकिर्दीचा हिशेब तंजावर धरल्याशिवाय लागत नाही, असं माझं मत आहे. आणि तंजावर म्हटलं की आपले भोसले आलेच.

तिचा जन्म १९३३ चा, मद्रासच्या ट्रिप्लिकेनमधला. आई वसुंधरादेवी 'मंगम्मा शपथम्' (१९४३) या गाजलेल्या तमिळ चित्रपटाची नायिका. मुलीनं १९४० मध्ये, अगदी चिमुरडी असताना, व्हॅटिकनमध्ये पोप बारावे पायस यांच्यासमोर नाच केला होता. पण पाया घातला तो वळुवूर रामय्या पिळ्ळै यांनी. वळुवूर हे जुन्या तंजावर जिल्ह्यातलं गाव. कावेरीच्या त्या खोऱ्यात देवळं आणि संस्थान यांच्या आधारानं नट्टुवनारांची घराणी जगली. नट्टुवनार म्हणजे टाळ वाजवत बोल म्हणणारा, नाच बसवणारा गुरू. संस्थान गेलं, १९४७ मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथा कायद्यानं बंद झाली, आणि यांतले बरेच गुरू मद्रासला आले. तिथं त्यांना पांढरपेशा घरांतल्या मुली शिष्या म्हणून मिळाल्या आणि स्टुडिओंत कामही मिळालं. मद्रासच्या सिनेमातला नाच वरचढ का, याचं उत्तर या स्थलांतरात आहे.

मद्रासच्या गोखले हॉलमध्ये (हो, आपल्याच गोपाळ कृष्णांच्या नावाचा) तिचा नाच दिग्दर्शक एम. व्ही. रामन यांनी पाहिला आणि एव्हीएमच्या 'वाळ्कै'त (१९४९) तिला घेतलं. त्याचीच हिंदी आवृत्ती 'बहार' (१९५१). 'नागिन' (१९५४) तुफान चालला. अभिनयाच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. डोळे मात्र तेव्हापासूनच बोलके, कधीकधी जरा जास्तच. सभागृहातल्या शेवटच्या रांगेसाठी शिकवलेली नजर क्लोजअपमध्ये मोठी वाटते. ती आवरायला तिला वेळ लागला.

आवरली ती बिमल रॉय यांच्या हाताखाली. 'देवदास'मधली (१९५५) चंद्रमुखी नाचणारीण आहे, पण लक्षात राहते ती तिचं थांबणं, बघणं. या भूमिकेला फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं आणि तिनं ते नाकारलं. चंद्रमुखी पारोच्या बरोबरीची आहे, सहायक नव्हे, हा तिचा मुद्दा होता. बाईचं बरोबरच होतं. पुढं 'साधना', 'गंगा जमना' आणि 'संगम'साठी तिला मुख्य अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. 'गंगा जमना'तली (१९६१) धन्नो मला सर्वांत वरची वाटते. मद्रासच्या अय्यंगार घरातली मुलगी पूरबी ढंगाची हिंदी अशी बोलते की गावच्या पाणवठ्यावरून उचलून आणावी. नाचणाऱ्याचा कान लयीला तयार असतो. बोलीची लयही तिनं तशीच उचलली असणार.

नाचांपुरतं बोलायचं तर एक प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. एस. एस. वासन यांच्या 'वंजिकोट्टै वालिबन'मध्ये (१९५८, हिंदीत 'राज तिलक') पद्मिनी आणि वैजयंतीमाला यांची नृत्याची चढाओढ आहे. नृत्यं हिरालाल यांची. पद्मिनी ठहरावाची, वैजयंतीमाला चपळ, आणि दोघी एकमेकींचा तुकडा उचलून परत फेकतात. गंमत म्हणजे तमिळ प्रेक्षकाच्या पिढ्यांनी डोक्यावर घेतलेल्या या जुगलबंदीचं संगीत दिलं नगर जिल्ह्यातल्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी!

दुसरा नाच 'ज्वेल थीफ'मधला (१९६७), राजवाड्यातला. विजय आनंदचा कॅमेरा तिच्यामागं धावतो, तिच्याभोवती फिरतो, आणि संकलनाच्या कात्रीचा आधार न घेता ती लांब लांब तुकडे सलग नाचते. नाच येत नसलेल्या नटीला चार-चार पावलांनी तोडून दाखवावं लागतं. इथं तशी गरजच नाही.

'आम्रपाली'ला (१९६६) मात्र तिनं जीव लावला आणि तो चित्रपट पडला. नृत्यं गोपीकृष्णांची, वेशभूषा कोल्हापूरच्या भानू अथय्यांची, अजिंठ्याची चित्रं अभ्यासून केलेली. चित्रपट ऑस्करला गेला, पण तिकीटबारीवर आपटला. १९६८ मध्ये तिनं डॉ. चमनलाल बाली यांच्याशी लग्न केलं आणि हातातली कामं संपवून पडदा सोडला. 'गंवार' (१९७०) शेवटचा. नंतर ती मद्रास दक्षिणमधून दोनदा लोकसभेवर निवडून आली, पुढं राज्यसभेवरही गेली. त्या पर्वाबद्दल मला विशेष लिहावंसं वाटत नाही.

लिहावंसं वाटतं ते के. पी. किट्टप्पा पिळ्ळै (१९१३–१९९९) यांच्याबद्दल. पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या तंजावरच्या चार भावांच्या वंशातले हे गुरू. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबारातल्या या चौघांनी भरतनाट्यमचा आजचा क्रम घातला : अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना. आज पुण्या-मुंबईतल्या क्लासात मुली शिकतात तो हाच. सिनेमात नाव कमावलेल्या वैजयंतीमालानं किट्टप्पांकडे विद्यार्थिनी म्हणून बसून त्यांच्या घरात जपलेल्या जुन्या रचना घेतल्या आणि रंगमंचावर आणल्या. सिनेमाची चमक नाचात येऊ द्यायची नाही हे पथ्य तिनं कडक पाळलं. १९८२ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार तिला मिळाला तो भरतनाट्यमसाठी. २०२४ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, ती अयोध्येत नाचली. त्याच वर्षी पद्मविभूषण.

याच सरफोजी राजांनी नृत्यासाठी मराठीत 'निरूपणं' लिहिली. एकेक कथा, सबंध एकाच रागातालात, आणि तिच्यात शब्द, वर्ण, पद, तिल्लाना, जक्किणी, गीत, मंगळ असे अठरा प्रकार. हा मजकूर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात होता. तो मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी 'तंजावूर नृत्य प्रबंध' म्हणून नाचात बसवला. ते मूळचे मालवणचे, आणि त्यांनीही सिनेमात नृत्यदिग्दर्शन केलेलं. त्यांच्या शिष्या, पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर, पुढं याच किट्टप्पांकडे शिकल्या आणि तंजावरच्या मराठी राजांच्या रचना त्यांनी वर्षानुवर्षं सादर केल्या. म्हणजे 'नागिन'ची नायिका आणि पुण्याच्या चापेकरबाई एकाच गुरूच्या शिष्या, गुरुभगिनीच. सिनेमाचे आढावे लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, नाचावर लिहिणारे सिनेमाकडं नाक मुरडतात, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा मराठी इतिहास कोरलेला पाहायला जाणाऱ्या आपल्या सहलवाल्यांना या घराण्याचा पत्ता कुणी सांगत नाही.