भाग 14 : मावळा नदीपासून नाही, मरमबिजीपासून | स्टॅन ग्रँटची गोष्ट

हा भाग ऐकायला नेट पुरत नसेल, तर खाली सगळं लिहून ठेवलंय. बोलताना अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच.

आधी माझं एक सांगतो, मग मुद्द्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी जळगावात एका ठिकाणी बातम्या वाचायची चाचणी द्यायला गेलो होतो. वाचून झाल्यावर समोरचे साहेब म्हणाले, "आवाज चांगला आहे भो, पण बोली डोकावते. शिरपूरकडचा का तू?" मी हो म्हटलं. पावरा आहे हे नाही सांगितलं. ते न सांगणं माझ्या डोक्यातून अजून जात नाही. बसने धुळ्याला परत येताना मोबाईलवर एक व्हिडिओ समोर आला. सुटातला एक माणूस माईकपुढे उभा राहून बोलत होता. तो स्टॅन ग्रँट.

ऑस्ट्रेलियातले मूळचे लोक म्हणजे ॲबोरिजिनल. तिथले आदिवासी म्हणा, चालेल. त्यांचे शेकडो समाज, शेकडो भाषा. ग्रँट त्यातल्या विराजुरी समाजाचा. जन्म 1963, न्यू साउथ वेल्समधल्या ग्रिफिथ गावात. मरमबिजी नदीच्या आसपासचा हा मुलूख. घरी गरिबी, बाप काम मिळेल तिकडे जाणार, म्हणून शाळा सारख्या बदलत गेल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोरांना हे वेगळं समजवायला नको.

कॅनबेरात आदिवासी अभ्यासाच्या एका संस्थेत तो टपाल वाटायचं काम करत होता. तिथे मार्शा लँग्टन या ॲबोरिजिनल अभ्यासक बाईंनी त्याला विद्यापीठात जायला लावलं. पुढे तो पत्रकार झाला. 1992 मध्ये 'चॅनल सेव्हन'वर 'रिअल लाइफ' नावाचा रोज संध्याकाळचा चालू घडामोडींचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचा अँकर होता ग्रँट. खासगी चॅनलवर, ऐन गर्दीच्या वेळेला, ॲबोरिजिनल चेहरा! नंतर 2001 पासून 'सीएनएन'. हाँगकाँग, बीजिंग, पाकिस्तान, अफगाणिस्तान. जगाच्या बातम्या दिल्या, आणि त्या देताना कुणी त्याला "तुमच्या समाजाबद्दल दोन शब्द बोला" म्हणत नव्हतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपल्याकडे आदिवासी माणसाला स्टुडिओत बोलावतात ते 9 ऑगस्टला नाहीतर कुपोषणाची बातमी आली की.

मी पाहिलेला व्हिडिओ 2015 च्या ऑक्टोबरमधला. सिडनीत वादसभा होती, विषय वंशद्वेषाचा. त्या वर्षी ॲडम गुड्स या ॲबोरिजिनल फुटबॉलपटूची प्रेक्षक मॅचमागून मॅच हुर्यो उडवत होते. ग्रँटने तिथून सुरुवात केली. लोकसंख्येत आम्ही तीन टक्के, पण तुरुंगातल्या दर चार माणसांत एक आमचा, असा हिशोब त्याने मांडला. व्हिडिओ पसरला 2016 च्या जानेवारीत, 26 तारखेच्या सुमारास. आपला प्रजासत्ताक दिन तोच 'ऑस्ट्रेलिया डे'. 1788 मध्ये त्या दिवशी इंग्रजांची जहाजं सिडनीला लागली. बरेच ॲबोरिजिनल लोक त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात.

आता कडू भाग. 2022 मध्ये तो 'एबीसी' या सरकारी पैशांवर चालणाऱ्या वाहिनीच्या 'क्यू अँड ए' कार्यक्रमाचा अँकर झाला. मे 2023 मध्ये राजा चार्ल्सचा राज्याभिषेक होता. त्या दिवशीच्या चर्चेत ग्रँट बोलला, की या मुकुटाच्या नावाने आमच्या जमिनी गेल्या. चर्चेला बोलावलं होतं, म्हणून बोलला! त्यानंतर त्याच्यावर आणि घरच्यांवर शिव्यांचा पाऊस पडला. त्याच महिन्यात त्याने कार्यक्रम सोडला, काही महिन्यांत एबीसीही. त्याचा राग ट्रोल लोकांपेक्षा माध्यमांवर जास्त होता. वाहिनीतलं कुणी जाहीरपणे पाठीशी उभं राहिलं नाही, असं त्याने लिहिलं. एबीसीच्या प्रमुखांनी नंतर माफी मागितली.

तीस वर्षं कमावलेलं नाव, आणि एका दिवसाच्या बोलण्याने तो परत "तो काळा" झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगतो, वाटलं मग कशाला मरायचं या धंद्यात.

पण त्याच्या वडिलांची गोष्ट कळली आणि जरा थांबलो. त्यांचंही नाव स्टॅन ग्रँट. ते लहान असताना त्यांच्या आजोबांनी त्यांना विराजुरीत हाक मारली, तेवढ्यावरून पोलिसांनी आजोबांना पकडून नेलं. पुढे याच नातवाने जॉन रडर या भाषातज्ज्ञाबरोबर विराजुरीचा शब्दकोश केला. ती भाषा आता वर्गात शिकवतात.

आपला हिशोब बघा. 2011 च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा बोलणारे 1 कोटी 4 लाख. संथाली बोलणारे 73 लाख. संथाली आठव्या अनुसूचीत आहे, भिली नाही. अहिराणी धरून खानदेशी बोलणारेही 18 लाखांच्या वर निघाले, त्याही बाहेरच. आणि शहाद्याकडचे वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता माहीत नसेल तर शोधून वाचा. आदिवासींचं दुःख दुसरेच मंचावर उभे राहून आदिवासींना सांगतात, ते तिच्यात आहे. ग्रँट त्या मंचावर चढला होता, आणि उतरला तोही स्वतःच्या पायांनी.

भागाच्या नावातली मावळा नदी कुठली, असं विचाराल. कुठलीच नाही. लहानपणी आमच्या नाल्याला आम्ही पोरांनी दिलेलं नाव ते, नकाशात सापडणार नाही.

पुढचा भाग पळासनेरला आजीकडे रेकॉर्ड करतोय, पूर्ण पावरीत. मराठी मजकूर इथे टाकेन. आजीने एकच अट घातलीये, कोंबड्या कोंडायच्या आधी संपवायचं.