दुर्बिणीचा पासंग

एखादा तारा दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात खिळवून ठेवायचा, तर पृथ्वी ज्या वेगाने स्वतःभोवती फिरते त्याच वेगाने, पण उलट दिशेने, दुर्बीण फिरत राहावी लागते. हा वेग सेकंदाला सुमारे 15 कंसविकला, म्हणजे एका अंशाचा दोनशेचाळिसावा भाग, इतका मंद असल्यामुळे दातेरी चाकांतील बारीकसा हिसकाही छायाचित्रातील ताऱ्याचा ठिपका लांबट करून टाकतो. दुर्बिणीची बैठक, जिला हौशी निरीक्षक सर्रास माउंट म्हणतात, तिच्या एका बाजूला दांड्यावर अडकवलेले लोखंडी वजन पाहून ते केवळ दुर्बीण कलंडू नये म्हणून आहे असा समज होतो, तो अर्धाच खरा आहे. त्या वजनाचे मुख्य काम मोटारीवरचा आणि चाकांवरचा ताण नाहीसा करणे हे आहे.

या रचनेला जर्मन विषुववृत्तीय माउंट म्हणतात, आणि तिचा पहिला मोठा आविष्कार योसेफ फ्राउनहोफर याने 1824 साली डॉर्पाट (आजच्या एस्टोनियातील टार्टू) येथील वेधशाळेसाठी घडवलेल्या दुर्बिणीत झाला. तिच्यात दोन अक्ष असतात: आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला ध्रुवीय अक्ष, ज्याभोवती फिरून दुर्बीण ताऱ्याचा पाठलाग करते, आणि त्याला काटकोनात असलेला क्रांती अक्ष, ज्याभोवती ती उत्तर-दक्षिण वळते. क्रांती अक्षाच्या एका टोकाला नळी आणि दुसऱ्या टोकाला प्रतिभार अशी मांडणी असल्याने सगळा डोलारा ध्रुवीय अक्षावर तोललेला राहतो. डॉर्पाटच्या दुर्बिणीचे भिंग सुमारे 24 सेंटिमीटर व्यासाचे आणि नाभीय अंतर चार मीटरांहून अधिक होते. तरीही खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळी यंत्र तिला ताऱ्यामागे फिरवू शकत असे. फ्राउनहोफर एवढ्यावर थांबला नाही, लांब नळी स्वतःच्या भाराने वाकू नये म्हणून त्याने नळीलाही तरफा आणि वजने जोडली. फ्रीडरिख गेऑर्ग विल्हेल्म स्ट्रूव्ह याने या दुर्बिणीने सुमारे 1,20,000 तारे तपासून 1827 साली 3,112 जोडताऱ्यांची सूची प्रसिद्ध केली. एवढे तारे एकामागून एक न्याहाळायचे तर अवजड नळी हाताच्या हलक्या स्पर्शाने वळणे भाग होते, आणि म्हणून या सूचीच्या श्रेयात भिंगाबरोबर त्या वजनांचाही वाटा धरला पाहिजे.

तोल साधण्याचे गणित तराजूचेच आहे. वजन आणि अक्षापासूनचे त्याचे अंतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात, आणि दोन्ही बाजूंची परिबले सारखी झाली की तोल जमतो. आठ किलोच्या नळीचा गुरुत्वमध्य ध्रुवीय अक्षापासून 20 सेंटिमीटरवर असेल, तर पाच किलोचे वजन 32 सेंटिमीटरवर सरकवावे लागते. पुढे त्याच नळीवर कॅमेरा आणि मार्गदर्शक दुर्बीण चढून भार दहा किलो झाला की तेच वजन 40 सेंटिमीटरपर्यंत न्यावे लागते आणि दांडा अपुरा पडतो. येथे दोन वाटा फुटतात: दांडा लांबवणे किंवा आणखी एक पाच किलोचे वजन घालून दोन्ही 20 सेंटिमीटरवर आणणे. परिबल दोन्हींत तेवढेच भरते, पण फिरत्या वस्तूचा गती बदलण्यास होणारा विरोध, ज्याला जडत्व परिबल म्हणतात, अंतराच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे लांब दांड्यावरच्या एका वजनाचे जडत्व परिबल जवळच्या दोन वजनांच्या दुप्पट भरते. वाऱ्याची झुळूक आली किंवा मोटारीने दिशा बदलली की लांब दांडा अधिक वेळ थरथरत राहतो, शिवाय तो स्वतःही लवतो. लांब दांडा स्वस्त पडतो म्हणून तो घेण्याचा मोह होतो, पण ट्रायपॉडला वाढीव भार पेलत असेल तर दुसरे वजन घेणेच शहाणपणाचे.

प्रत्यक्ष तोल साधताना ध्रुवीय अक्षाची पकड सैल करून दांडा आडवा धरतात आणि हात अलगद काढून तो कोणत्या बाजूला झुकतो ते पाहतात. मग क्रांती अक्ष सैल करून नळी पुढेमागे सरकवतात. हे सारे कॅमेरा जोडून, भिंगाचे झाकण काढून आणि फोकस साधून करावे लागते, कारण झाकणाचेही वजन असते. वजने आधी चढवायची आणि उतरवताना मात्र नळी आधी काढायची, हा क्रम चुकला तर जड नळी एका बाजूला झोकांडून ट्रायपॉडवर आदळू शकते. दांड्याच्या टोकाचा बारीक स्क्रूही विसरून चालत नाही, तो नसला तर घसरलेले वजन थेट पायावर येते. एवढे करूनही एक खोड उरते: नळीच्या कुशीला शोधक दुर्बीण बसवलेली असेल, तर नळी आडवी असताना जमलेला तोल ती उभी होताच बिघडतो, आणि मग समोरच्या कुशीला लहानसे वजन लावण्यावाचून गत्यंतर नसते.

असा अचूक तोल साधल्यावर अनुभवी निरीक्षक तो जाणूनबुजून किंचित बिघडवतात, हे वरकरणी विचित्र वाटते. दोन दातेरी चाकांच्या दात्यांमध्ये थोडी फट असतेच, आणि पूर्ण तोललेली दुर्बीण त्या फटीत मागेपुढे डुलू शकते. म्हणून पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवतात. मोटार पश्चिमेकडे वळवत असताना तिला सतत थोडा भार उचलावा लागतो आणि दाते एकाच बाजूने टेकून राहतात.

महाराष्ट्रात या माउंटची वेगळीच अडचण होते. ध्रुवीय अक्षाचा क्षितिजाशी होणारा कोन त्या स्थळाच्या अक्षांशाइतका असतो. टार्टूला तो 58 अंश, तर पुण्याला साडेअठरा. अक्ष असा जवळजवळ आडवा पडल्यावर वजनाचा दांडा फिरताना ट्रायपॉडच्या उत्तरेकडील पायावर आपटू शकतो, म्हणून हौशी निरीक्षक माउंट आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये उंचीचा खांब बसवतात. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी वापरलेली ग्रब कंपनीची 20 इंची दुर्बीण 1912 साली वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकनालला गेली, तेव्हा अक्षाचा कल दहा अंशांच्या आसपास आणावा लागणे ओघानेच आले.

संगणकाने दोन्ही अक्ष एकाच वेळी फिरवणे शक्य झाल्यावर मोठ्या दुर्बिणींनी तिरपा अक्ष सोडून दिला. जुन्नरजवळच्या गिरवली येथील, आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण उन्नतांश-दिगंश माउंटवर, म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या अक्षावर फिरते. तिला बाजूला काढलेला वजनाचा दांडा लागत नाही, पण आडव्या अक्षाभोवतीचा तोल येथेही सुटत नाही. नारायणगावजवळच्या खोडद परिसरातील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत तो उघड्यावर दिसतो: 45 मीटर व्यासाच्या प्रत्येक अँटेनाचा हलणारा भाग सुमारे 82 टनांचा असून त्याला सुमारे 34 टनांचा प्रतिभार जोडलेला आहे. जीएमआरटीचे शिल्पकार गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँटेनाच्या ताटलीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांच्या ताणलेल्या जाळीचा केला, त्यामुळे वाऱ्याचा दाब तर घटलाच, शिवाय ताटलीचे वजन कमी राहिल्याने पलीकडच्या बाजूला लागणारा भारही तेवढ्याच प्रमाणात आटोक्यात राहिला.