पिकाच्या राखणीपूर्वी वन्य प्राण्यांचा माग

विदर्भातील वनालगतच्या गावांत हरभरा फुलोऱ्यावर आला की रात्रीची जागल सुरू होते. दिवसभर राबलेला शेतकरी शेकोटीपाशी रात्र काढतो, आणि पहाटे डोळा लागताच रोह्यांचा कळप पलीकडच्या धुऱ्याने शिरून अर्धे शेत तुडवून जातो. हे नुकसान केवळ जागरण अपुरे पडल्याने होते असे नाही. जागल नेमकी कोठे करावी, हेच पुष्कळदा ठाऊक नसते.

वन्य प्राणी शिवारात वाटेल तेथून येत नाहीत. दिवसाची विसाव्याची जागा, पाणी आणि चरण्याचे ठिकाण यांना जोडणाऱ्या ठराविक वाटांनीच ते ये-जा करतात. पूर्वी शिकारी मंडळी हंगामापूर्वी रान पायाखाली घालून जनावरांच्या बैठका व माग पाहून ठेवीत असत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अमलात आल्यानंतर शिकारीचा तो हंगाम इतिहासजमा झाला. परंतु माग काढण्याची विद्या टाकून देण्याजोगी नाही. राखणदारास ती शिकाऱ्याइतकीच उपयोगी पडते.

पाहणीस आरंभ शेतापासून करावा, रानापासून नव्हे. प्रथम धुऱ्याने एक पूर्ण फेरी मारावी. कुंपणाच्या काट्या कोठे दबल्या आहेत, तारेला केस अडकले आहेत काय, नाल्याच्या दरडीवर खुरांनी घसरण पडली आहे काय, हे पाहावे. खुराचे टोकदार अंग जनावर ज्या दिशेस गेले ती दिशा दाखविते. शिरण्याची वाट व परतण्याची वाट वेगळी असू शकते. यास्तव दोन्हींचा शोध घ्यावा.

ठसा कोणाचा, हे ओळखणे सवयीने साधते. चितळाचा ठसा निमुळता व साधारणतः ५ ते ६ सें.मी. लांबीचा असतो. शेळीचा ठसा त्याच्याशी मिळताजुळता असला तरी पुढे अधिक बोथट असतो. रोह्याचा ठसा ८ ते ९ सें.मी. भरतो, तो गोऱ्ह्याच्या ठशासारखा भासला तरी त्याहून अरुंद व पुढे टोकदार असतो. रानडुकराच्या ठशात, विशेषतः ओल्या जमिनीत, खुरामागील दोन लहान नख्यांच्या खुणा बाहेरच्या बाजूस स्पष्ट उमटतात. एकट्या ठशावर मात्र विसंबू नये. भुसभुशीत मातीत ठसा पसरतो आणि लहान जनावर मोठे वाटू लागते.

पिकावरील खूण पुष्कळदा ठशाहून अधिक बोलकी असते. हरणवर्गातील प्राणी व रोही यांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते शेंडा कापीत नाहीत, ओढून तोडतात, आणि तुटलेल्या टोकाशी धागे लोंबतात. सशाने खाल्लेला शेंडा चाकूने तिरपा कापल्यासारखा स्वच्छ दिसतो. सोयाबीनची रोपे खाल्ली गेली की दोष चितळास देण्याचा प्रघात पडला आहे. परंतु बारकाईने पाहिल्यास अपराधी काही वेळा ससाच निघतो, आणि सशासाठी उंच कुंपणाचा खर्च व्यर्थ जातो. तुरीचा शेंडा माणसाच्या छातीच्या उंचीवर तुटलेला असेल तर प्रथम रोह्याचा संशय घ्यावा. रानडुक्कर माती उकरून मुळे, कंद व भुईमुगाच्या शेंगा काढते, आणि मका-ज्वारीची ताटे आडवी करून कणसे खाते.

आता बैठकीकडे वळू. जनावर जेथे बसून विसावते व रवंथ करते, त्या जागेस येथे बैठक म्हटले आहे. दबलेले लंबगोल गवत, बाजूस सरलेला पालापाचोळा, मातीत पडलेला उथळ खळगा, चिकटलेले केस आणि भोवतालच्या लेंड्या या तिच्या खुणा होत. लहानमोठ्या अनेक बैठका जवळजवळ आढळल्यास तो माद्या-पिलांचा कळप समजावा. चितळ पाण्यापासून फार दूर जात नाही. वनाच्या कडेची सावली त्यास मानवते. रोही दाट वनात सहसा राहत नाही. बाभूळ-बोरीचे विरळ झुडपी रान, पडीक जमीन व नाल्याकाठची वेडी बाभूळ ही त्याची ठिकाणे होत. रोही पुनःपुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो. असा जुन्या-नव्या लेंड्यांचा ढीग सापडला की त्याचा नित्याचा वावर तेथे आहे असे मानण्यास हरकत नाही. रानडुक्कर घाणेरीच्या जाळीत, उंच गवतात वा उसाच्या फडात दडते. चिखलातील लोळण आणि जवळच्या झाडाच्या बुंध्यास अंग घासून लागलेला चिखल ही त्याची खूण लपत नाही.

सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळावर काळविटाची गोष्ट निराळी आहे. त्यास आडोसा नको, दूरवर दिसणारा मोकळा माळ हवा. तेथे झुडपे धुंडाळीत बसण्यात अर्थ नाही.

ऋतूप्रमाणे बैठका बदलतात, हे विशेष ध्यानात ठेवावे. मे महिन्यात पाने झडलेली असल्याने वाटा उघड्या पडतात व कळप पाणवठ्यांभोवती एकवटतात. म्हणून वाटांचा नकाशा करण्यास तो काळ उत्तम. पावसानंतर चारा-पाणी सर्वत्र मिळू लागल्याने कळप विखुरतात, आणि मे महिन्यातील बैठका ओस पडतात. दुसरी पाहणी पेरणीनंतर कोंब वर येताच करावी. तिसरी पाहणी हरभरा फुलोऱ्यावर येण्यापूर्वी दोन आठवडे करावी. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. त्या वेळी तूर व कपाशी उंच वाढलेली असते. रानडुक्कर रानातून येते असे आपण समजतो, आणि ते शेजारच्या तुरीतच दिवसभर झोपलेले असते.

खूण ताजी की जुनी, हेही पाहावे. ताज्या ठशाची कड धारदार असते. ऊन-वाऱ्याने ती ढासळते. ताज्या लेंड्या ओलसर व चकचकीत, जुन्या कोरड्या व निस्तेज असतात. पायवाटेवर आडवे कोळ्याचे जाळे अखंड असेल तर रात्री तेथून कोणी गेले नाही. सर्वांत खात्रीचा उपाय बिनखर्ची आहे. संशयित फटीसमोर सायंकाळी चार फूट रुंदीचा मातीचा पट्टा बारीक करून झाडूने सारखा करावा व सकाळी वाचावा. असे चार-पाच दिवस केल्यास कोण, किती व कोणत्या बाजूने आले याचा हिशेब हाती येतो.

पाहणीस एकट्याने जाऊ नये. पहाटे व तिन्हीसांजा टाळून दिवसा उजेडी, दोघा-तिघांनी बोलत जावे. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात जेथे चितळ विसावते तेथे वाघ-बिबट्याचाही वावर असतो. चितळाची इशाऱ्याची हाक किंवा वानरांचा कलकलाट ऐकू आल्यास मागे फिरावे. गावच्या गुराख्यास बरोबर घ्यावे. पुस्तकाहून त्याची माहिती पक्की असते. दाट जाळीत शिरू नये. पिलांसह असलेली डुकरीण अंगावर येते. झुडपात हरणाचे वा रोह्याचे पिलू एकटे निजलेले दिसल्यास ते पोरके समजून घरी आणू नये. आई त्यास लपवून चरावयास गेलेली असते.

माग समजल्यावर उपाय निवडणे सोपे जाते. साडेचार फुटांचे कुंपण चितळ व रोही सहज ओलांडतात. डुक्कर तारेखालून घुसते, म्हणून त्याच्यासाठी खालची बाजू घट्ट हवी. मचाण येण्याच्या वाटेवर, पण वाऱ्याच्या विरुद्ध अंगास असावे. माणसाचा वास आधी पोहोचला तर कळप केवळ वाट बदलतो. बुजगावण्यास जनावरे काही दिवसांतच सरावतात. फटाक्यांनी कळप शेजाऱ्याच्या शेतात जातो, एवढेच. सौर कुंपणात यंत्राद्वारे क्षणभराचा झटका बसतो. त्याच्या साह्यासंबंधी वनविभागाकडे चौकशी करावी. घरची अथवा कृषिपंपाची वीज तारेत सोडणे मात्र गुन्हा आहे. अशा तारेस चिकटून पहाटे पाणी देण्यास निघालेला आपलाच मुलगा किंवा शेजारी प्राणास मुकू शकतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने गटाच्या नकाशावर शिवारातील सर्व वाटा, पाणवठे व बैठका एकत्र नोंदवाव्यात. एका शेताचे कुंपण कळपास दुसऱ्या शेतात लोटते. म्हणून एका वाटेवरील सर्व शेतकऱ्यांनी मिळून राखणीच्या पाळ्या लावाव्यात. तरीही नुकसान झाल्यास भरपाईचा अर्ज तीन दिवसांच्या आत वन अधिकाऱ्यांकडे द्यावा. ठशाशेजारी आगपेटी ठेवून छायाचित्र घ्यावे, म्हणजे आकार कळतो. पंचनामा होईपर्यंत त्या भागात वखर घालू नये.